डाव्या हाताची सोबत

१

वीस वर्षं मी लोकांना "आऽऽ करा" म्हणत होते. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होते. आता "मोकळे व्हा" म्हणते. कामात तसा फारसा फरक नाही. दोन्हीकडे माणूस आडवा होतो, छताकडे बघतो आणि मी वरून गोड गोड बोलते. फक्त आता लाळ कमी असते.

अस्टोरियात नदीकाठी मासे डबाबंद करायचा एक जुना कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र. लोक येतात, मशरूमचा कडवट चहा पितात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि सकाळपासून दुपार कलेपर्यंत गादीवर पडून आपल्याच डोक्यात हिंडून येतात. आम्ही शेजारी बसतो. अमेरिकेतल्या आमच्या ओरेगॉन राज्यात हे कायदेशीर आहे, पण याला "उपचार" म्हणायला कायद्यानेच बंदी. माणूस वर्षानुवर्षं अंथरुणात तोंड खुपसून पडलेला असतो, इथून घरी जातो आणि भांडी घासायला लागतो. तरी आम्ही म्हणायचं, छान झालं हं, आपण जरा सोबत बसलो. आमचा हुद्दाच मुळी "सोबती".

सोबत्याने काही सांगायचं नाही, हा पहिला नियम. इकडे बघा, तिकडे जाऊ नका, घाबरू नका, काही म्हणजे काही नाही. जो प्रवासाला गेलाय त्याचा रस्ता त्याचा. शिकवायचं ते आधी, चहाच्या दोन-चार दिवस आधीच्या गप्पांत. आणि तिथेही शिकवायची गोष्ट एकच. आत काहीही भेटलं, कितीही भयंकर असलं, तरी पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, "ये." पळणाऱ्याच्या मागे ते लागतं. "ये" म्हटलं की त्यातून आपला बाप निघतो, आई निघते, कधी आपण स्वतःच निघतो. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनी हे तपासून पाहिलंय, आणि मीही पाहिलंय. माणसं रडत "ये" म्हणतात आणि हलकी होतात. मी शेकडो तोंडांतून तो शब्द म्हणवून घेतलाय. आधी "आऽऽ", मग "ये". माझं सगळं करिअर स्वरांवर उभं आहे.

माझा जोडीदार ग्लेन. तीस वर्षं लूथरन चर्चमध्ये पाद्री होता, आता खिडकीशी बसून मोजे विणतो. कोणालाही नको असलेले मोजे. मी त्याला पाद्रीबुवा म्हणते. खोलीत त्याच्या सुयांचं टिकटिक, हळू आवाजातलं संगीत आणि खालच्या धक्क्यावर लोळणाऱ्या सी-लायनचं, म्हणजे समुद्रसिंहांचं, भुंकणं, एवढेच आवाज. सी-लायन दिवसभर भुंकतात, अगदी कुत्र्याला खोकला झाल्यासारखं. नवीन लोक विचारतात, याचा त्रास नाही होत? आठवड्याभरात ऐकूही येत नाही. बंद झालं तरच कळेल, असं मी हसून सांगायचे.

आणि हात. हाताचं मात्र आधी विचारून ठेवावं लागतं. हात धरला तर चालेल का, कुठला, खांद्याला लावला तर, पायाला लावला तर. शुद्धीत असताना जे "हो" म्हटलंय तेवढंच. मी नेहमी उजवीकडे बसते. उजवा हात धरते आणि अंगठा त्यांच्या हाताच्या पाठीवर गोल गोल फिरवत राहते. इंजेक्शनच्या वेळची सवय. लोक नंतर सांगतात, त्या गोलाला धरून आम्ही परत आलो.

२

वेस नावाचा एक छपरं घालणारा माणूस आला होता. आडदांड, दाढीवाला. पाठ मोडल्यापासून घरात बसून बसून मनाने पार खचलेला. त्याचा दिवस चांगला गेला. हसला, रडला, मधे एकदा गाय हंबरते तसा आवाज काढला. दुपारी उठून सूप पीत म्हणाला, "तुम्ही दोघांनी दोन्ही हात धरलेत ना, म्हणून मी पार झालो."

मी म्हटलं, हो हो.

मला वाटलं, ग्लेन उठून आला असेल. जेवणानंतर माझे डोळे मिनिटभर जड होतात. हे कायद्याच्या लोकांना सांगू नका.

स्वयंपाकघरात कप धुताना मी म्हटलं, "पाद्रीबुवा, वेसचा डावा हात धरायची परवानगी घेतली होती का? मला तर त्याने उजवाच सांगितला होता."

ग्लेन कप पुसायचा थांबला. "मी कुठे धरला? मी खिडकीपासून हललोही नाही. मला वाटलं तूच वाकून दोन्ही धरलेस."

"माझे हात काय माकडासारखे लांब आहेत?"

"तसे लांबच आहेत."

दोघं हसलो. त्याने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला, मी तो खाल्ला आणि विषय तिथे संपला.

३

संपला नाही.

पुढच्या महिन्यात एक शाळेतली बाई म्हणाली, "डावीकडची ती कोण होती? फार प्रेमळ." मग एक म्हातारा बोटीवाला म्हणाला, "तुम्ही दोघी बहिणी का?" मग एक पोरसवदा नर्स. तिने माझ्याकडे जरा विचित्र बघत सांगितलं, "ती पण तुमच्यासारखाच अंगठा फिरवते. फक्त उलटा."

मी स्वतःची समजूत घालण्यात हुशार आहे. मशरूममुळे अंगाचा नकाशाच वितळतो, हे मी लोकांना रोज समजावते. एक हात धरलेला असला की मेंदू दुसऱ्यालाही धरून देतो, आरशात दाखवल्यासारखा. आरशात गोल उलटाच दिसणार. शिवाय गाव एवढंसं, सगळे त्याच त्या दुकानात कॉफी पितात, एकाने सांगितलं की दुसऱ्याला तेच दिसतं. सगळं नीट बसत होतं. मी खूश होते.

पण मग मी डाव्या हातांकडे बघायला लागले. तिथेच चुकले.

पट्टी बांधून पडलेल्या माणसाचा हात एकतर सैल पडतो, नाहीतर त्याची मूठ वळते. हे डावे हात यातलं काहीच करत नव्हते. बोटं वळलेली, पण पुरती मिटलेली नाहीत. मधे जागा. तुम्ही कोणाचा हात धरलात आणि त्या कोणाला तिथून पुसून टाकलं, तर तुमचा हात जसा राहील, तसा. आणि उठल्यावर हाताच्या पाठीवर चार फिकट खुणा. हळूहळू रंग परत यायचा.

वेस भेटायला आला. महिन्याने बोलावतो आम्ही, कसं चाललंय विचारायला. ठणठणीत होता, कामावर जायला लागला होता, हसत होता. खुर्चीत बसला तर डावा हात बाजूला लोंबत सोडलेला, पंजा किंचित उघडा.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"मस्त. आता एकटं वाटतच नाही."

जाताना उठला आणि क्षणभर उभाच राहिला. आपल्याबरोबरचं माणूस उठायची वाट बघतो ना, तसा. मग दार उघडलं, स्वतः बाहेर पडला, आणि दार धरून ठेवलं. जरा जास्त वेळ. मग सोडलं.

मी ग्लेनला हे सांगितलं तर त्याचे डोळे भरून आले.

"जोनी," तो म्हणाला, "तीस वर्षं मी लोकांना सांगत होतो, कोणीतरी तुमच्यासोबत आहे. कोणाचा विश्वास बसला नाही. खरं सांगू? माझाही नाही. आणि आता तीच माणसं येऊन मलाच सांगतायत."

"पाद्रीबुवा, देवाला हात धरायचा असेल तर त्याने आधी विचारायला नको का? आपल्याला तर कागदावर सही घ्यावी लागते."

"तू सगळ्याची चेष्टा करतेस."

"चेष्टा नाही करत. यातल्या एकानेही डाव्या हाताला 'हो' म्हटलं नव्हतं."

"पण 'ये' म्हटलं होतं," ग्लेन म्हणाला. "तूच शिकवलंस."

 

४

डोरीन पेल्टो. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, चौकोनी. सगळी हयात गावातल्या शाळेची बस चालवली. मीही लहानपणी तिच्याच बसने जायचे. सत्तर पोरं माकडासारखी उड्या मारत असायची आणि ती समोरच्या आरशातून बघून एकच आरोळी ठोकायची, "बस नाहीतर उतर!" सत्तर बुडं एकदम सीटवर. पुलाच्या पलीकडच्या तीरावरही कुत्री बसत असतील.

आता तिचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येत होता. नवरा गेल्यावर आधी झोप गेली, मग भूक, मग आवाज. घशात काही दोष नाही, डॉक्टरांनी बघितलं. गोळ्या सगळ्या झाल्या. काही नाही.

"कार्लीला दिवस गेलेत," ती म्हणाली. कार्ली तिची मुलगी. "परवा तिने माझा हात पोटावर ठेवला. बाळ लाथ मारत होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आता आई रडणार, आता आई हसणार. मला काय वाटलं सांगू? गॅस झालाय पोरीला. एवढंच. दुसरं काही आलंच नाही गं. ते पोर उद्या माझ्या हातात देतील आणि मी त्याला भोपळा धरल्यासारखं धरेन. असं जगण्यात काय अर्थ आहे?" ती थांबली. मग ग्लेनकडे बघून म्हणाली, "तुला नाही विचारलं. तू विण."

"आम्ही सोबत आहोत," ग्लेन म्हणाला.

"प्रवचन नको, ग्लेन. तुझ्या प्रवचनात माझा नवरा घोरायचा आणि मी त्याच्यावर जळायचे."

मग हाताचं विचारायची वेळ आली.

"उजवा घे," डोरीन मला म्हणाली. "उजव्या हाताने मी बसचं दार उघडते. डावा कोणाला नाही द्यायचा. डावा स्टिअरिंगवर असतो."

"डावा कोणालाच नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ग्लेनला ऐकू जावं म्हणून, आणि खोलीलाही.

मग तो शब्द शिकवायचा होता. माझ्या तोंडून निघेना. मी ग्लासातलं पाणी प्यायले, उशी नीट केली. शेवटी ग्लेननेच सांगितलं, "डोरीन, आत जे कोणी भेटेल त्याला 'ये' म्हणायचं."

"कोणालाही?"

"कोणालाही."

"हे काय धोरण झालं? मी बसचं दार असं उघडं टाकलं असतं तर पोरांच्या आयांनी माझी चामडी सोलली असती."

"ही बस नाहीये, डोरीन."

"आपण चालवतो ती प्रत्येक गोष्ट बसच असते," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. दारात मला हळूच विचारलं, "पोरी, तू का घाबरलीस?"

मी म्हटलं, "काही लोकांना डावीकडे कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. तुम्हाला वाटलं तर..." पुढचं मला ठाऊक नव्हतं.

"माझ्या बसमध्ये अनोळखी चढत नाही," डोरीन त्या विझलेल्या आवाजात म्हणाली.

५

डोरीनच्या चहाच्या आदल्या दिवशी मी एकटीने गादी ओढली. ओढताना कंबर धरली, ते जाऊ दे. खोलीच्या मधोमध असायची ती जाड गादी भिंतीला नेऊन लावली. डावी बाजू भिंतीला. गादीच्या खालच्या लाकडी चौकटीमुळे भिंत आणि गादी यांच्यात एक फट राहिली, पंजा जेमतेम जाईल एवढी. तिथे मांजरही बसू शकलं नसतं. मला फार बरं वाटलं. माझ्या बुद्धीचा विजय झाला होता, तोही सुतारकामाने.

ग्लेनने सकाळी ते बघितलं. खिडकीशी बसला, लोकर काढली.

डोरीन चहा प्यायली. "याला चव मोज्याची आहे," म्हणाली. "ग्लेन, यात एक पडला का?" मग झोपली. मी पट्टी बांधली, पांघरूण घातलं, त्याची कड आत खोचली आणि दोनदा थोपटली. मी नेहमी दोनदा थोपटते. उजवा हात हातात घेतला.

सकाळ छान गेली. संगीत चढलं, उतरलं. तिच्या पट्टीखालून पाणी यायला लागलं, आणि मी आनंदले, कारण ती कित्येक वर्षांत रडली नव्हती. एकदा ती म्हणाली, "किती पोरं आहेत गं." एकदा नवऱ्याचं नाव घेतलं. मी गोल फिरवत राहिले. ग्लेनच्या सुया टिकटिक. खाली सी-लायन.

डावा हात पांघरुणावर तिच्या पोटाशी होता. सैल. मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

मग कधीतरी ती म्हणाली, "ये."

तिला शिकवलं होतं तसंच, नीट, स्पष्ट.

मला आधी कळलंच नाही की काय बदललं. वाटलं कानांना दडे बसले. संगीत चालू होतं, सुया चालू होत्या. मग कळलं. धक्का गप्प झाला होता. खाली एकही सी-लायन भुंकत नव्हता.

आणि डावा हात पांघरुणावर नव्हता.

६

तो फटीत गेला होता. मनगटापर्यंत. मी बघत असतानाच कोपरापर्यंत गेला. कोणी झटका दिला नाही. अगदी हळू, चालायला शिकणाऱ्या पोराला हात धरून नेतात तसा. डोरीन कुशीवर वळली, भिंतीकडे. तिचा उजवा हात माझ्या हातात सैल पडला.

"येते," ती म्हणाली.

कोणाला म्हणाली? आमच्याकडे परत येणारी माणसंही हेच म्हणतात. मी कितीदा ऐकलंय, दुपारी, प्रवास संपत आला की. येते, येतो. पण तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"डोरीन," मी म्हटलं.

"शूऽऽ," ग्लेन खिडकीतून म्हणाला. त्याने विणणं थांबवलं नव्हतं. गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. "बोलू नको जोनी. सोड तिला. मोकळी होतेय ती."

"तिने डाव्या हाताला नाही म्हटलं होतं."

"सांगायचं नाही काही. नियम आहे."

"तिने नाही म्हटलं होतं, पाद्रीबुवा!"

तिचा खांदा आता भिंतीला टेकला होता. गाल भिंतीला दाबला जात होता. चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. वेसच्या चेहऱ्यावर होतं तेच. ठणठणीत, एकटं न वाटणारं.

मी गादीवर चढले. गुडघ्यांवर, तिच्या अंगावरून पलीकडे वाकून. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे शोभत नाही. फटीत हात घातला, तिच्या दंडावरून खाली, कोपरावरून खाली, मनगट, पंजा. तिची बोटं सापडली. ती वळलेली होती. मी त्यांच्या मधल्या जागेत माझी बोटं घातली.

जागा रिकामी नव्हती.

थंड नव्हतं काही. ओलं, बुळबुळीत, तसलं काही नव्हतं. तसं असतं तर मी किंचाळून मोकळी झाले असते. तो कोमट हात होता. मऊ, कोरडा, क्रीम लावलेला असावा तसा. सोबत्याचा हात. त्याचा अंगठा डोरीनच्या हातावरून उठला आणि माझ्या हाताच्या पाठीवर आला. गोल फिरायला लागला. उलटा.

मग थांबला. जरा विचार केल्यासारखा.

आणि सुलटा फिरायला लागला.

 मला रडू आलं ते भीतीने नाही. मला फार बरं वाटलं म्हणून आलं. वीस वर्षं मी लोकांचे हात धरत होते, माझा कोणी धरला नव्हता. तोंडात तो शब्द आपोआप तयार झाला. नुसता सोडायचा होता. एक स्वर.

मी दात आवळले. दातांचा मला अनुभव आहे.

"नाही," मी म्हटलं.

अंगठा फिरत राहिला. त्याला तो शब्द माहीतच नसावा. कोण शिकवणार? आमच्या खोलीत तो कोणी म्हणतच नाही.

मग मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि जन्मात न मोडलेला नियम मोडला. सांगितलं.

"डोरीन. तुमच्या बसमध्ये कोणीतरी चढलंय. न विचारता. तुमचं स्टिअरिंग धरलंय त्याने."

काही नाही. ग्लेन म्हणाला, "जोनी, काय करतेस हे?"

"मागे पोरं बसलीत, डोरीन. सगळी पोरं."

तिच्या घशात काहीतरी घरघरलं. जुनी गाडी थंडीत पहिल्यांदा चालू करताना घरघरते तसं. एकदा बंद पडलं. पुन्हा घरघरलं. तिच्या छातीचा भाता भरला, मला गादीवरून वर उचलेल एवढा भरला.

"ए!" डोरीन गरजली. "उतर! आत्ताच्या आत्ता उतर माझ्या बसमधून!"

खिडकीची तावदानं हलली. ग्लेनच्या सुया जमिनीवर पडल्या. मी, चाळीस वर्षं उलटलेली बाई, गादीवर दाणकन बसले. बुडाला अजून आठवत होतं.

तिचा हात फटीतून सुटून वर आला आणि माझाही. खाली धक्क्यावर सगळे सी-लायन एकदम भुंकायला लागले.

आणि भिंतीच्या बाजूला पांघरुणाची कड सुटून फटीवर आली होती. मी बघत होते. कोणीतरी ती खालून, फटीतून, हळूच आत ओढली. नीट खोचली. आणि दोनदा थोपटली.

७

डोरीन तासाभराने उठून बसली, पट्टी काढली आणि म्हणाली, "सूप." आवाज घोगरा होता, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचत होता. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर चार खुणा होत्या. तिने त्या माझ्यासमोर धरल्या.

"तुझ्या?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि सुपात पाव बुडवला.

कार्ली न्यायला आली, एवढं मोठं पोट घेऊन. जिना चढून धापा टाकत होती. डोरीन तिला म्हणाली, "लिफ्ट नाही हे माहीत होतं ना? मग खाली थांबायला काय झालं होतं? अक्कल कुठे ठेवून आलीस?" कार्ली जिन्यातच बसली आणि ढसाढसा रडली. "आई ओरडली," म्हणत होती. "आई माझ्यावर ओरडली." डोरीनने तिच्या पोटावर हात ठेवला. तिचं तोंड बघण्यासारखं होतं, पण ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

काही दिवसांनी ग्लेनने मला स्वयंपाकघरात गाठलं. मग म्हणाला, "डावीकडच्या तिला तू हाकललंस. ती फक्त सोबत करत होती."

"सोबत विचारून करतात, पाद्रीबुवा."

"तुला बरं नव्हतं का वाटलं? खरं सांग."

"वाटलं," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्याने माझ्याबद्दल वर कळवलंय. प्रवासात असलेल्या माणसाला मी सांगितलं, वळवलं, नियम मोडला. सगळं खरं आहे. सालेमहून, राज्याच्या राजधानीतून, कोणीतरी चौकशीला येणार आहे. येऊ दे. मी त्यालाही चहा देईन, साधा. आणि विचारलं तर सांगेन की पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. परवाना काढून घेतलात तर दातांचा डॉक्टर अजून मला परत बोलावतोच आहे. पण तोवर ही खोली माझी आहे आणि मी इथून हलत नाही.

आता गादी पुन्हा मधोमध आहे. शिकवते ते थोडं बदललंय. जे भेटेल त्याला आधी विचारा, कोण? उत्तर पटलं तर ये म्हणा. नाही पटलं तर नाही म्हणा. मी लोकांकडून तो शब्द मोठ्याने म्हणवून घेते, खोलीला ऐकू जाईल असा. काहींना जमत नाही. लाजतात. मी सांगते, लाजू नका, इथे कोणालातरी तो शिकायचाय.

ग्लेन अजून येतो. खिडकीशी बसतो, नदीकडे बघतो. खुशीत असतो. लोकरीचा गोळा टोपलीत तसाच पडलाय. हल्ली विणत नाही तो. विणायला दोन हात लागतात.

मी त्याला रोज विचारते, "पाद्रीबुवा, नाही म्हणून बघता का एकदा?" तो माझ्याकडे मायेने बघतो, लहान पोराकडे बघावं तसं. मी सोडणार नाहीये त्याला. डोरीनला सांगून ठेवलंय. नातू झालाय तिला, त्याला घेऊन येणार आहे या गुरुवारी. म्हणाली, "त्या ग्लेनचं तीस वर्षं ऐकून घेतलंय. आता माझी पाळी."

दुपारी काम आटपून मी गाडीत बसते. कधीकधी डावा हात दाराच्या बाजूला लोंबतो, दमल्यावर लोंबतो तसा. आणि मग हाताच्या पाठीवर, अगदी हलकेच, गोल. सुलटा. आता पक्का शिकलाय.

मी हात उचलून स्टिअरिंगवर ठेवते, गाडी चालू करते, आणि आरशात न बघता, डोरीनच्या आवाजात, सगळा धक्का ऐकेल अशी ओरडते.

"जागा नाही! बस भरलीय!"